नाव नसलेली भांडी

“आधी आत्याची थुंकी तपासून घे. घरात काय वेगळं करायचं ते मग ठरव. आणि ताट तर करूच नको, रंजिता. आपल्या घरात ताट वेगळं होत नाही.”

अल्काताईंनी, म्हणजे माझ्या नणंदेनं, हे मला फेब्रुवारीत फोनवर सांगितलं होतं. मी फोन खांद्यानं कानाशी दाबून टिंकूचे चमचे उकळत्या पाण्यात टाकत होते. पोरीला दोनच दिवसांपूर्वी दवाखान्यातून घरी आणलं होतं. जुलाबानं ती इतकी सुकली होती की सलाईन लावायला नर्सला शीर सापडत नव्हती. “हो ताई, हो,” मी म्हटलं. ताई आमगावकडे आशा वर्कर आहेत, त्यांचा प्रत्येक फोन शेवटी आरोग्य केंद्रातच जाऊन थांबतो, असं मला वाटायचं. मी स्वतः बीएस्सी झालेली, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. जंतूंबद्दल मला कोणी सांगावं असं काही उरलेलं नाही, अशा थाटात मी फोन ठेवला.

त्याच आठवड्यात मी फ्रीजवर कागद चिकटवला. बाहेरून आल्यावर साबणानं हात. पाणी उकळून. पालेभाजी मिठाच्या पाण्यात. पोछा रोज, फिनाइल टाकून. नखं दर रविवारी. खिडक्या बंद, कारण कोहमाऱ्याच्या हायवेवरची सगळी धूळ आमच्याच घराचा पत्ता विचारत येते. बाबांनी, माझ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून तो कागद सावकाश वाचला. “आमचा बाप असता तर याले फ्रेम केला असता,” ते म्हणाले. मला बरं वाटलं.

कागदावर न लिहिलेला एक नियम होता. आत्याबाईंचं ताट, वाटी आणि ग्लास, तिन्हींच्या तळाला मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता.

आत्याबाई म्हणजे रुक्माबाई, बाबांची थोरली बहीण. वय अडुसष्ट. त्यांना मूल झालं नाही. चाळीस वर्षं त्यांनी दरेकसाकडच्या आपल्या गावी बिड्या वळल्या, आणि माझ्या सासूबाई लवकर गेल्या तेव्हा संघदीपला, माझ्या नवऱ्याला, दहावीपर्यंत आपल्याजवळ ठेवून वाढवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे मालक वारले आणि बाबा त्यांना आमच्याकडे घेऊन आले. दिवाळीपासून त्या खोकत होत्या. “तंबाखूची धूळ आहे, आता निघून राहिली,” असं हसून सांगायच्या. मी काही म्हणत नव्हते. टिंकू त्यांच्या मांडीवर बसली की तिला काहीतरी कामाला हाक मारत होते, एवढंच.

थुंकी का तपासली नाही, हे मी आता कितीही फिरवून लिहिलं तरी उत्तर एकच येतं. तपासणीत काही निघालं असतं तर ते सगळ्यांना कळलं असतं. गोळ्यांची चौकशी करायला घरी कोणी आलं असतं, शेजारच्या चंदानं खिडकीतून बघितलं असतं, अंगणवाडीत टिंकूजवळ कोणी आपलं मूल बसवलं नसतं. ठिपका मात्र कोणाला दिसत नव्हता.

आणि मी तो अशा घरात दिला, जिथल्या भांड्यांवर नावसुद्धा नाही. कोणाच्याही घरी जा, स्टीलच्या ताटाच्या काठावर नाव कोरलेलं असतं, कोणाकडून आलं, कधी आलं. आमच्याकडे नाही. बाबांचे वडील केशोराव यांनी धम्मदीक्षेनंतर गोंदियाच्या बाजारातून बारा पितळी ताटं आणली. दुकानदारानं विचारलं, नाव काय घालू? ते म्हणाले, काहीच नको, आमच्या घरी कोणाचं भांडं वेगळं राहणार नाही. पुढे पितळ जाऊन स्टील आलं, पण नाव आलं नाही. माझ्या आईनं लग्नात दिलेली भांडी, माझं नाव कोरलेली, अजून माळ्यावर पोत्यात आहेत. बुद्धपौर्णिमेला सगळे एका पंगतीला बसतात आणि घरातलं सगळ्यात लहान पोर ताटं वाटतं, जे हातात येईल ते, ज्याला मिळेल त्याला. केशोरावांनी लावलेली ही रीत. हे सगळं मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलेलं होतं.

यंदा टिंकूची पाळी होती. तिला तीन पूर्ण झाली होती.

*

अल्काताई आणि त्यांचे यजमान चंद्रशेखर भाऊजी सकाळी दहालाच मोटारसायकलवर आले. त्रिशरण, पंचशील झालं. खिरीचं पातेलं उतरलं. संघदीप नागझिऱ्यात गाइड आहे. पौर्णिमेला मचाणावर बसून प्राणी मोजायचे असतात, म्हणून त्याला चारच्या आत निघायचं होतं. कूलर लावून, खिडक्या लावून सगळे पुढच्या खोलीत जमिनीवर बसले.

“काय साळेसाहेब,” भाऊजी म्हणाले, “यंदा वाघ मोजता का मच्छर?”

“मागच्या साली पाणवठ्यावर एकच अस्वल आला,” संघदीप म्हणाला. “पानी पेला, माह्याकडे पाहिला, निघून गेला.”

“म्हणजे त्यानं तुमाले मोजून घेतलं.”

आत्याबाई हसल्या आणि हसता हसता त्यांना ढास लागली. त्यांनी पदर तोंडावर घेऊन भिंतीकडे तोंड केलं. मी ते स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. तेव्हाही माझी नजर त्यांच्याकडे नव्हती, टिंकू किती लांब आहे हे मी मोजत होते.

टिंकू ताटं वाटत होती. आजोबांना एक, फुफाजीला, म्हणजे भाऊजींना, एक. प्रत्येक ताट आधी उलटं करून बघत होती आणि मोठ्यांना वाटत होतं की तो तिचा खेळ आहे. मी पुऱ्या काढायला आत वळले. परत आले तेव्हा ती आपल्या मांडीवर ताट घेऊन बसली होती, ताईंनी तिला खीर वाढली होती, आणि ती ताट दोन्ही हातांनी तोंडाला लावून चाटत होती.

“लाल टिकलीवाला मी घेतला,” ती मला म्हणाली.

मी धावले. तिच्या हातून ताट ओढून घेतलं. खीर तिच्या फ्रॉकवर सांडली, ती रडायला लागली, आणि मी तिचे ओठ माझ्या ओढणीनं खसाखसा पुसत म्हणाले, “हे आत्याबाईंचं आहे. किती वेळा सांगितलं, त्यांच्या ताटाला हात लावायचा नाही म्हणून.”

बाबांनी हात पुढे केला.

“आन इकडं ते,” बाबा म्हणाले.

मी दिलं नाही. ताईंनी माझ्या हातातून ते घेतलं आणि बाबांसमोर पालथं ठेवलं. बाबांनी आपलं ताट उलटून पाहिलं. मग भाऊजींचं. मग आत्याबाईंसमोरचं; टिंकूशिवाय अजून कोणाला वाढलेलं नव्हतं. सगळी कोरी. मांडणीवरून त्यांनी कोपऱ्यातला ग्लास आणला, वाटी आणली. तीन लाल ठिपके ओळीनं समोर आले.

“हे कोनं केला?”

“बाबा, डॉक्टरनंच सांगितलं होतं,” संघदीप म्हणाला.

माझा नवरा माझ्यासाठी खोटं बोलला. लग्नाला पाच वर्षं झाली, त्याआधी कधी बोलला नव्हता. आणि त्या क्षणी मला हायसं वाटलं, हेही लिहिलं पाहिजे.

“कोनत्या डॉक्टरनं?” अल्काताई म्हणाल्या. “नाव सांग. मी आता फोन लावतो. ताटानं टीबी पसरत नाही, हे आमाले पहिल्या ट्रेनिंगमध्ये सांगतात. टीबी असली तर खोकल्यानं पसरते, हवेतून. बंद घरात जास्त. कवापासून बंद आहेत ह्या खिडक्या?”

 त्या उठल्या आणि खिडकी जोरानं उघडली. ऊन आणि धूळ एकदम आत आली.

“धूळ येते ताई,” मी म्हटलं.

“येऊ दे. पुसता येते ती.” त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. “टिंकूले जुलाब कायनं झाले, मले माहीत नाही. पन सकाळपासून पाहून राहिली मी. तू पानी उकळते, गाळते, माठात भरते, आन मग ग्लास बुडवून काढते. चार बोटं पान्यात. ह्या घरात ओगराळ्यानं पानी घेते ते फक्त आत्या.”

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. रविवारीच कापलेली नखं होती.

“बस ना आता,” भाऊजी म्हणाले. “सणाचा दिवस आहे. पोरीची चूक झाली, काळजीनं झाली.”

“काळजी?” बाबांचा आवाज चढला. “आमी शिकलेली पोरगी पाहिली, अडानी नको म्हनून. माह्या बापानं ज्या भांड्यावर स्वतःचा नाव लिहिला नाही, त्याच्यावर हिनं निशानी केली. माह्या बहिनीची.”

“शालिक,” आत्याबाई म्हणाल्या, “पोरीवर काऊन चिडतोस?”

त्या इतका वेळ बसल्या होत्या तशाच होत्या, एक हात गुडघ्यावर.

“तुले माहीत नव्हता का?”

बाबांनी समोरचा ग्लास बाजूला सरकवला.

“होळीच्या आधी तू दुपारी पानी प्यायला उठला. माहाच ग्लास उचलला. भरला. मग वर करून तळ पाहिला. ओतून देला, आन दुसरा घेतला. मी खाटेवर पडून होती, झोपली नव्हती.”

*

होळीआधीच्या त्या दुपारचं बाबांनी मला पंगतीनंतर आठ दिवसांनी सांगितलं. आम्ही दोघंच होतो, मी लसूण सोलत होते आणि ते माझ्याकडे न बघता बोलत होते.

त्यांना ठिपका दिसला तेव्हा तो काय आहे हे कळायला एक क्षणही लागला नाही. हातात पाणी भरलेला ग्लास आणि खाटेवर बहीण. त्यांना वाटलं, पिऊन टाकावं आणि सुनेला हाक मारून सगळ्यांसमोर हा रंग खरवडायला लावावा. मग त्यांना टिंकू आठवली, दवाखान्याच्या पलंगावर, हाताला फळी बांधलेली. सूनबाई शिकलेली आहे, तिला काहीतरी माहीत असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पाणी मोरीत ओतलं. आवाज होऊ नये म्हणून भिंतीला लावून हळूच ओतलं.

“तू निशानी केली,” ते मला म्हणाले. “तुले इतिहास कोनी नीट सांगितला नसेल. मले तर माह्या बापानं सांगितला होता.”

मला सांगितलेला होता. पण मी ते त्यांना म्हटलं नाही.

*

पंगतीत आत्याबाई पुढे बोलत होत्या. “संघ्यालेही माहीत होता. त्यानं तुले विचारला, रंजिता, रंग कायचा लागला म्हनून. तू म्हटला, सेट मोजाले. तो म्हटला, बरं.”

संघदीपनं मान खाली घातली. मला वाटलं होतं की त्या वेळी आत्याबाई अंगणात आहेत.

“म्हनून म्हनतो, कोनी कोनाले बोलू नका. सगळ्यायचाच आहे ते.”

“आत्या, तू काऊन नाही बोलली?” अल्काताईंनी विचारलं. “मले एक फोन करायचा होता.”

आत्याबाईंनी थोडा विचार केला. “माही माय मालगुजाराच्या खळ्यावर धानाच्या चुरनीले जाये. मी लहान, तिच्या संग. आमच्यासाठी वळचणीत एक करवंटी खोसून ठेवत. पानी पाहिजे तर ती काढाची, हात लांब करून धराची, वरून ओतत. धुवून परत खोसून द्याची.” त्यांनी पालथ्या ताटाकडे पाहिलं. “ते लोक परके होते, बापा. त्यायच्यावर रागावता येत होता.”

मी तिथेच उभी होते, टिंकूचा चिकट हात माझ्या हातात. जमीन पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात. मला तसं काही झालं नाही. मला फक्त एकेक गोष्ट दिसत होती. त्या जेवल्यावर ताट स्वतःच घासायच्या, मी म्हणायचे, राहू द्या, आणि त्या म्हणायच्या, राहू दे, माहा मीच घासतो. घासून कोपऱ्यात वेगळं पालथं घालायच्या. मला वाटायचं, किती सोयीचं आहे.

“आत्याबाई,” मी म्हटलं, “माझं चुकलं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “बस आता. खीर थंडी होऊन राहिली.”

त्यांनी ठिपक्याचं ताट सरळ केलं, पुढ्यात घेतलं आणि ताईंना वाढायला सांगितलं. सगळे जेवले. टिंकूसुद्धा जेवली. 

*

संघदीप साडेतीनला निघाला. निघण्याआधी आत्याबाईंच्या पायाशी पाच मिनिटं बसला.  त्यांनी त्याच्या पिशवीत गूळ-शेंगदाणे टाकले, शाळेत जायचा तेव्हा टाकायच्या तसे.

मग अल्काताईंनी आपल्या बॅगेतून झाकणाची छोटी डबी काढली. आशा वर्करच्या बॅगेत ती असतेच. “आत्या, उद्या सकाळी उठल्याबरोबर, चूळ भरून, जोरानं खोकलून याच्यात थुंकी दे. मी स्वतः नेऊन देतो. फुकट आहे. टीबी निघालीच तर गोळ्या घेऊन पूर्ण बरी होते.”

आत्याबाईंनी डबी हातात घेऊन फिरवून पाहिली.

“नाही निघाली तर?”

“तर चांगलंच आहे.”

“निघाली तर रंजिताचा बरोबर होता. नाही निघाली तर माहा बरोबर होता.” त्यांनी डबी ताईंच्या हातात परत दिली. “मले दोनी नाही पाहिजे.”

“हे काय बोलणं आहे, आत्या? तब्येत आहे तुही.”

“तीन महिन्याआधी ती तब्येत होती.”

ताई रडल्या. मी त्यांना पहिल्यांदा रडताना पाहिलं. त्यांनी मला जवळ ओढून दंडाला घट्ट धरलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “काय करून ठेवलं तू. गोळ्या देऊन जी बरी झाली असती, ती आता तपासूच देत नाही.” आणि तरीही दंड सोडला नाही. त्या दिवशी त्या घरात एवढा एकच हात माझ्यावर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी पिशवी भरली. गावच्या घराचे कवेलू, म्हणजे छपराची कौलं, फिरवायचे आहेत म्हणाल्या, पाण्याआधी फिरवले नाही तर सगळं घर गळतं. बाबा म्हणाले, मी माणूस लावतो. त्या म्हणाल्या, माणूस लावला तरी पाहायला कोणी पाहिजे. भांडण नव्हतं, त्यामुळे अडवायला जागाच नव्हती. मी म्हटलं, मी गोंदिया स्टेशनपर्यंत येते. त्या म्हणाल्या, “टिंकूले उनात कायले फिरवतेस.” बाबा त्यांना बसपर्यंत सोडायला गेले. बस दिसेनाशी झाल्यावरही ते फाट्यावर अर्धा तास उभे होते, असं चंदानं मला येऊन सांगितलं. तिला बाकीचंही कळलं होतं. भिंती पातळ आहेत आमच्या, आणि त्या दिवशी खिडकी उघडी होती.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात संघदीप आणि मी त्यांच्या गावी गेलो. कोसमटोला म्हणतात, दरेकसा स्टेशनवरून कचारगडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागायचं, मग डावीकडे. त्या ओसरीत बसल्या होत्या. खांद्याची हाडं पोलक्यातून दिसत होती. आम्हाला पाहून खरोखर आनंदल्या. चहा केला. अर्ध्या छपराचे कवेलू फिरवलेले होते, अर्धे राहिले होते, माणूस धान लावायला शेतात रोवणीची बांधी तयार करायला गेला म्हणाल्या. संघदीपनं पुन्हा तपासणीचं काढलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विषय अस्वलावर नेला, यंदा आला होता का, म्हणून.

मग माझ्याकडे वळल्या. “टिंकूले नाही आणली?”

“तिला थोडा ताप होता,” मी म्हटलं.

टिंकूला ताप नव्हता. ती ताईंकडे होती, मीच ठेवली होती. निघताना संघदीपनं विचारलं होतं, आणि मी म्हटलं होतं, प्रवास लांब आहे. सगळं कळूनसुद्धा, सगळ्यांसमोर माफी मागूनसुद्धा, मी पोरीला त्यांच्याजवळ नेलं नाही. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं. त्यांना नेहमी कळतं, आणि त्या नेहमी गप्प राहतात.

“तापात नोको आनू,” त्या म्हणाल्या. “बरं केला.”

त्यानंतर त्या आमचा फोन उचलत नाहीत. बाबांचाही नाही. आधी वाजायचा, आता बंद लागतो. ताई दोनदा जाऊन आल्या; एकदा दाराला कडी होती, एकदा त्या होत्या, पण डबी पाहून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. मला मात्र वाटतं की आता आमच्यापैकी कोणी सांगून त्या ऐकणार नाहीत. परक्यानं सांगितलं तर कदाचित ऐकतील.

म्हणून तुम्हाला सांगते. गोंदियाहून डोंगरगडकडच्या गाडीनं तुम्ही कधी गेलात, कचारगडला दर्शनाला गेलात, तर दरेकसाला उतरा. कोसमटोल्यात रुक्माबाई बिडीवाली कुठे राहते म्हणून विचारा, कोणीही दाखवेल. माझं नाव घेऊ नका. थोडा वेळ ओसरीत बसा, त्यांना बोलतं करा. खोकला किती आहे ते ऐका, थुंकीत लाल दिसतं का ते बघा, चूल पेटलेली आहे का ते बघा. जमलं तर त्यांना सोबत घेऊन दवाखान्यात जा, तुमचंच काही काम आहे असं सांगून. आणि दार लावलेलं असेल तर परत फिरू नका, हाक मारा, उत्तर येईपर्यंत मारा.